घर हलवताना

आमच्या चिलोए बेटावर घरं हलवतात.
घरातली माणसं नव्हे, घरच.
खाली ओंडके, पुढे बैल, मागे सगळं गाव,
आणि वाट संपली की समुद्र.

एदेल्मिरा आत्याचं घर हललं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती
आणि कळायला लागल्यापासून एकच वाक्य बोलत आली होती.
मी अशीच आहे.
मी अशीच आहे, लसूण खात नाही.
मी अशीच आहे, झालं गेलं विसरत नाही.
पाण्याजवळ जात नाही, मी अशीच आहे.

शेवटच्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं:
नऊ वर्षांचा भाऊ, होडी, सप्टेंबरचा वारा.
बाकीच्यांना कारण नव्हतं,
ती नुसती त्याच्यामागे येऊन उभी राहिली होती, रांगेत.

मग कडा ढासळायला लागला. दर हिवाळ्यात दोन हात.
कोंबड्यांचं खुराडं गेलं, सफरचंदाचं झाड गेलं,
एका सकाळी कुंपणाचं फाटक तेवढं उभं,
कुंपण नाही.

रुपेर्तो नाउएल्केन सुतार आला.
भिंतींवरून हात फिरवला, जमिनीला कान लावला,
म्हणाला, खिळे सैल करावे लागतील.
सैल? आत्या कडाडली. समुद्रात न्यायचंय ते! आणखी ठोक.
तो म्हणाला,
घट्ट घर पहिल्याच उताराला चिरतं, बाई.
करकरू द्यायचं त्याला.
करकरणारं घर पोचतं.

मोडेन पण वाकणार नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा;
रुपेर्तोच्या लेखी तो वाळक्या लाकडाचा दोष.

काचा काढल्या. चूल काढली. आरसा मी पोटाशी धरून नेला.
बैलांच्या बारा जोड्या, आणि माणसं किती ते कोणी मोजलं नाही.
आत्या रस्त्याने जाणार होती,
एलेउतेरिओच्या ट्रकमधून, वळसा घालून, तीन तास.
काहीतरी राहिलं म्हणून ती आत गेली
आणि बाहेर आलीच नाही.
दोर ताणले गेले. ती दारात उभी होती.
का, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

भरतीला घर पाण्यावर उचललं गेलं.
एका अंगाला कललं, थांबलं, सावरलं.
खालच्या खोलीत पाणी, वरच्या खिडकीत आत्या,
चौकट दोन्ही हातांनी धरलेली.
आम्ही होडीतून बघत होतो.
घर करकरत होतं.
तीही करकरत असेल,
इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

पलीकडे घर उलटं बसलं.
म्हणजे जमीनच तशी होती, काय करणार.
स्वयंपाकघराच्या खिडकीत उगवणारा सूर्य
आता तिथे मावळतो.
उजेड थेट तोंडावर येतो
आणि आत्या रोज दचकून उठते, उशीर झाला म्हणून.
मग आठवतं. मग पाय खाली.
जिना मात्र अंधारातही पायाला ओळखतो.

लसूण ती अजून खात नाही.
माझ्या आईचं १९८७ सालचं बोलणं तिच्या अजून लक्षात आहे.
सगळं काही एकाच भरतीत हलत नाही.

परवा ओहोटीला ती चिखलात दिसली,
परकर खोचलेला, हातात खुरपी,
बादलीत शिंपल्या.
शेजारची सुनिल्दा बांधावरून ओरडली,
अगं, तू तर पाण्याजवळ जात नाहीस ना?

त्या घरात होते तेव्हा नव्हते जात.

हेच की ते घर!

आत्याने कंबर सरळ केली,
मागे वळून घराकडे पाहिलं,
फळ्याफळ्यांतून, नीट, ओळख पटवावी तसं.

हेच, ती म्हणाली.
फक्त दार लावताना
आता जरासं उचलावं लागतं.